मागच्या सीटवर कोण बसणार

हॅलो? … थांब गं, दोन्ही हात पिठाचे आहेत… हं, बोल. खांद्यानं दाबून धरलाय फोन, मध्येच पडला तर पुन्हा कर… छे, उठून कधीचा काळ लोटला. इथे दहा वाजत आले. तुमच्या ॲरिझोनात किती? … आठ? मग तूच आज कोंबड्यांच्या आधी उठलीस की, लव्हॉन.

… वड्या करतेय. रुबार्बच्या. परसातल्या रुबार्बचे आंबट देठ चांगले हातभर वर आलेत… हो, यंदा बर्फ लवकर गेलं. तळंही मोकळं झालं… नाही गं, चर्चसाठी नाही. दोन वाजता माणसं यायचीत.

… दुलूथची. नवरा-बायको. गाडी बघायला… कुठली म्हणजे? आमच्याकडे काय दहा आहेत? तीनचाकी. एल्डनची मोटरसायकल.

… तुला कुणी सांगितलं? … जॉयनं? तिला चर्चच्या तळघरात एक कप कॉफी पाजली की पुरे, गावाचं काही शिल्लक राहत नाही… हो, खरं आहे ते. विकतोय. तो विकतोय म्हणाले मी, मी विकतेय म्हणाले नाही. फरक आहे.

… डोळे? आहेत तसेच… नाही, वाढलं नाही आणखी. मधोमध डाग पडलाय तो पडलाच. समोर बघितलं की मधलं सगळं पुसल्यासारखं, आणि कडेचं स्वच्छ. परवा मला म्हणतो, अर्डिस, तुझे दोन्ही कान मला छान दिसतात, चेहराच तेवढा कुठे जातो कळत नाही… हो, हसला ना. मीपण हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले जरा वेळ.

… नाही, नाही, चालवत नाही आता. लायसन्स त्यानं स्वतःच नेऊन दिलं, पहिलं बर्फ पडलं तेव्हाच. कुणी मागितलंही नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, हे ठेव बाई, मला आता तुझं नाकही दिसत नाही. ती बिचारी आपलं नाक चाचपत बसली.

… हं. … हं. … अगं ऐक ना, तेच सांगतेय. तू मला बोलू दिलंस तर सांगेन ना.

मागचा ॲक्सल बदलला हेही खरं. जॉयनं हेही सांगितलं? बरं झालं, माझं काम वाचलं… हो, आख्खी थंडी तो आणि ऑरिन गॅरेजमध्ये. ऑरिन गं, पलीकडच्या शेतावरचा, आमच्या लग्नात एल्डनच्या बाजूला उभा होता तो. बाहेर थुंकी गोठेल अशी थंडी, आणि हे दोघे म्हातारे गाडीखाली पाठीवर झोपलेले. एल्डन हातानं चाचपून बोल्ट बसवायचा आणि ऑरिन आकडे वाचायचा. किती आवळला, किती राहिला. ऑरिनला कानानं कमी, एल्डनला डोळ्यानं. माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ओरडा. जेवायला हाक मारली तर दोघांपैकी एकालाही ऐकू येत नसे. एकाला खरंच, आणि दुसऱ्याला सोयीनं.

… काय बदललं? अगं, तू बसली होतीस ना एकदा माझ्या जागेवर, जत्रेला जाताना? आठवतं का, उतरल्यावर काय म्हणाली होतीस? … बरोबर. तेच म्हणाली होतीस, पण फोनवर पुन्हा म्हणू नकोस. तर मागची दोन्ही चाकं एकाच लोखंडी दांड्याच्या दोन टोकांना होती. एक चाक खड्ड्यात गेलं की गुन्हा एकाचा आणि शिक्षा दोघांना. आणि त्या दांड्याच्या बरोब्बर वर कोण? मी. थंडीत खालची जमीन गोठून फुगलेल्या, वर-खाली झालेल्या रस्त्यावरून जाताना डोकं डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. बघणाऱ्याला वाटायचं, ही बाई सगळ्याला नाहीच म्हणतेय. आता दांडा काढून टाकला. प्रत्येक चाकाला आपापला लोखंडी हात, धक्का झेलायला आपापला शॉक. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. आमच्या संसारात जे जमलं नाही ते त्या चाकांना जमवून दिलं त्यांनी.

… तेच ना. हाच तर माझा राग आहे, लव्हॉन. इतकी वर्षं मी म्हणत होते, एल्डन, माझी पाठ जाते रे, दुसऱ्या बायकांच्या गाड्यांना आहे तसलं करून घे. तर काय म्हणायचा? 'बरं चाललंय की.' मणक्याला इंजेक्शनं घेतली, तरी 'बरं चाललंय की.' आणि आता विकायची म्हटल्यावर लगेच उमगलं साहेबांना. म्हणतो, सलग दांड्याची गाडी कुणी घेत नाही हल्ली, मागं बसणाऱ्या बाईचे हाल होतात. कुठल्या बाईचे? दुलूथच्या. जिला त्यानं बघितलंही नाही आणि आता बघणारही नाही धड.

… हसू नकोस. मला पहिल्यांदा रडूच आलं होतं.

… पैसे मिळतील, हो. पण पैशांचं काय घेऊन बसलीस. तुला बाबा आठवतात का ट्रॅक्टर विकल्यावर? … खिडकीपाशी. हो. ती तपकिरी खुर्ची. कोण कुठे पेरतंय, कोणाची ओळ वाकडी गेली, दिवसभर तेवढंच. कधी आजारी नव्हते, नुसते बसले, आणि बसले ते बसलेच. एल्डननं मागच्या आठवड्यात आपली खुर्ची सरकवली, लव्हॉन. खिडकीकडे. मी काही बोलले नाही. रात्री पुन्हा होती तिथं आणून ठेवली. सकाळी पुन्हा खिडकीपाशी.

… मला भीती वाटते, दुसरं काय. गाडी दुलूथला गेली की हा माणूस त्या खुर्चीत जाणार.

… तू इकडे नको येऊ. त्यानं काय होणार? … आम्ही तिकडे यायचं? वाळवंटात? त्याला काय दाखवू, निवडुंग? … बरं, छान असतात, मान्य.

… ऐक, तुला एक सांगायचंय. पण जॉयला नाही. तुझ्या टेडलाही नाही. तुझ्या त्या पत्त्यांच्या टोळीलाही नाही… शपथ घे… नाही, तुझी साधी शपथ मला माहितीय. आईच्या काचेच्या वाडग्याची घे… हं, आता ठीक.

मी लायसन्स काढलं.

… मोटरसायकलचं. तीनचाकीचं वेगळं असतं, तेवढंच… हॅलो? … आहेस ना? … मला वाटलं फोन कटला.

… वेड नाही लागलं. ऑरिननं शिकवलं. त्याच्याकडेही तीनचाकीच आहे, तिला मागं असलाच नवा प्रकार आहे. एल्डनला सांगायचे, रजया शिवायला चालले चर्चमध्ये. आणि जायचे जत्रेच्या मोकळ्या पटांगणात. ऑरिन कडेला उभा राहून ओरडायचा, तिला दोन चाकांसारखी वाकवू नकोस, हँडल वळव, हँडल. … अगं, त्या रजयावाल्या बायकांना सगळं ठाऊक. माझ्या नावानं एक आख्खी रजई शिवली त्यांनी, मला घरी दाखवायला काहीतरी हवं म्हणून. एल्डननं हात फिरवून बघितली, म्हणाला, तुझे टाके बरेच सुधारले.

… पास झाले, एका फटक्यात. परीक्षा घेणारा पोरगा मला मॅडम मॅडम करत होता. त्याला वाटलं असेल, आजीबाई सुळक्यांमध्येच अडकणार. एकही सुळका पाडला नाही… ते नारिंगी प्लास्टिकचे असतात ते.

… नाही सांगितलं. अजून नाही… कसं सांगू? तुला तो ठाऊक आहे. आणि आपल्याकडची माणसं ठाऊक आहेत. मोटरसायकलच्या क्लबात इतकी जोडपी, त्यात एक तरी पुरुष बायकोच्या मागे बसलेला तू बघितलास का? बायकांनी आपापली गाडी चालवावी, कुणी काही म्हणत नाही. पण बायको पुढे आणि नवरा मागे? हॅरॉल्डचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा पॅट त्याला म्हणाली, बस माझ्या मागे. तर तो कारमधून आला मागोमाग, उन्हाळाभर, एकटा, खिडक्या उघड्या ठेवून, म्हणजे वारा तरी लागावा. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही अशी जात आहे ही. आणि त्यात एल्डन म्हणजे त्यांचा पुढारी. तीन चाकं घेतली तेव्हाच किती चिडवलं होतं त्याला सगळ्यांनी, सायकलला लहान मुलांची चाकं लावलीस म्हणून. महिनाभर रागानं क्लबाच्या रविवारच्या फेरीला गेला नव्हता.

… मग तेच तर. नाही म्हणाला तर? आता नुसती गाडी जातेय. विचारल्यावर तो नाही म्हणाला तर त्याची मान खाली आणि माझी आशाही गेली. म्हणून आज सांगते, उद्या सांगते करत आले आणि आता ते लोक अकराला दुलूथहून निघणार.

… हो, कळतंय मला. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, कळतंय. तू काय तिथून बोलतेस.

… एक मिनिट. ऑरिन ओरडतोय. … काय? … मला का? … मिठाच्या गोण्या आहेत ना तिथे? … बरं, आले. हात धुते.

नाही, तू थांब. ठेवू नकोस. … अगं, ते मागच्या शॉकमध्ये हवा भरतायत. दोन माणसं बसली की गाडी मागून किती दबते ते पट्टीनं मोजायचं आणि त्या बेतानं हवा भरायची. आत्तापर्यंत माझ्या जागेवर मिठाच्या गोण्या ठेवल्या होत्या. किती गोण्या म्हणजे अर्डिस, यावरून दोघांची चर्चा झाली, ती मी ऐकली, आणि आज दुपारी ऑरिनला वडी मिळणार नाही. पण गोणी निपचित पडते, माणसासारखी सावरत नाही म्हणे. म्हणून मी हवी. दुलूथच्या बाईच्या मापाची.

… हो, चालतेय. पायऱ्या उतरतेय… हवा छान आहे गं. ओल्या मातीचा वास येतोय. टॉर्सनच्या शेतात पेरणी सुरू झाली… नाही, काही सुचवू नकोस आता. तू नुसती कानाशी राहा. फोन एप्रनच्या खिशात टाकते. बोलू मात्र नकोस.

आले रे. … कोण असणार, लव्हॉन. … बरी आहे, ऊन खातेय.

एल्डन, तुझ्या कपाळाला ग्रीस लागलंय. … तिथे नाही, अलीकडे. … राहू दे, मी पुसते. … झालं.

ऑरिन, तू पट्टी घेऊन खाली बस. … मोठ्यानं सांगतेय, पट्टी घेऊन बस. … हं.

नाही, एल्डन. तू नको पुढे बसू. … कारण पुढे मी बसणार.

… बरोबर ऐकलंस. … मोजायला दोघं हवीत ना? मग दोघं बसतोच आहोत. कोण कुठे, एवढंच.

… ऑरिन, तू तोंड उघडू नकोस. मी सांगते. एल्डन, माझ्याकडे बघ. … कान बघ मग, कान दिसतात ना, कानांशी बोल. मी लायसन्स काढलंय. या गाडीचं. … बर्फ गेल्यावर. रजयांच्या नावाखाली. … ती रजई माझी नव्हती, नाही. … हो, टाके जुन्यासारखेच आहेत माझे.

… ऑरिननं. त्याला बोलू नकोस, मी त्याला वचनात बांधलं होतं.

… नाही, तुला दया म्हणून नाही. ऐकून घे. मला त्या खुर्चीची भीती वाटते. तू ती खिडकीकडे सरकवतोस ना, मी रात्री ती परत आणून ठेवते. मी तुला तिथे बसलेला बघू शकत नाही. झालं, म्हटलं. आता तुला काय म्हणायचं ते म्हण.

…

एल्डन, तो पाना खाली ठेव आणि बोल.

… मला ठाऊक आहे कुणी बसत नाही. हॅरॉल्ड बसला नाही, ठाऊक आहे. … हसतील. पॅट पण हसेल. पहिल्या रविवारी हसतील, दुसऱ्या रविवारी कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन निघेल आणि तुला विसरतील.

… काय दिसणार म्हणजे?

… अरे, तू कधी मागे बसलायस का? कधीच नाही. मग तुला काय ठाऊक. मागे बसणाऱ्याला पुढचं दिसतंच कुठे? चाळीस वर्षं माझ्यासमोर तुझं हेल्मेट. मधोमध एक मोठा काळा गोळा आणि दोन्ही बाजूंना जग. मी कधी रस्ता बघितलाच नाही, एल्डन. तू कुठे वळणार तेही मला वळल्यावर कळायचं. मी बघितलं ते सगळं कडेचं. लेनरच्या कुरणातली वासरं. तळ्यावरचे बगळे. त्या पिवळ्या घरातली बाई दर सोमवारी कपडे वाळत घालायची, आधी तरुण होती, मग लेकरांचे इवले कपडे, मग मोठे, मग एकटीचे. मी तुला ओरडून सांगायचे, बघ बघ, आणि तू म्हणायचास, रस्त्यावर लक्ष आहे माझं.

… हो. तेच म्हणतेय मी. ती जागा कडेचं बघायचीच आहे. तुला जे दिसतं, तेवढंच तिथून दिसतं. कुणालाही.

…

… लव्हॉन, रडू नकोस, खिशातून ऐकू येतंय.

… एल्डन ना, गाडीच्या मागच्या चाकावर हात ठेवून उभा आहे. … ऑरिन नाक शिंकरतोय. ऐकू येत नाही म्हणे त्याला.

काय रे? … मोठ्यानं बोल, ऑरिनला नव्हे, मला सांग.

… आत्ता? … बरं.

… लव्हॉन, फोन ठेवते आता. … काय म्हणाला? म्हणाला, त्या दुलूथच्या लोकांना आधी फोन कर, उगाच एवढ्या लांबून निघतील. … हो. तेवढंच म्हणाला. … अगं, तेच तर हो आहे. तू ॲरिझोनात राहून विसरलीस का आपल्या माणसांचं हो कसं असतं?

… वड्या राहू देत, ओव्हन बंदच आहे. … हेल्मेट कुठे, आत्ता कुठे निघतोय, आधी माप तर घेऊ दे. ऑरिन, पट्टी सरळ धर.

थांब, एल्डन, घाई नको. आधी पाय ठेवायची फळी शोध, डाव्या पायानं. … खाली. … हं, तीच. आता धर माझा खांदा आणि चढ. … सावकाश. … बस. … टेकून बस, पाठ आहे तिथे.

… बसला, लव्हॉन. बसला. … गाडी मागून जेमतेम दबली, हिसका कळलासुद्धा नाही. … 'वाईट नाही,' म्हणतोय. एल्डन वाईट नाही म्हणतोय.

… हं? आता काय?

… लव्हॉन, खरंच ठेवते. तो विचारतोय, हात कुठे ठेवायचे. … हो ना. त्याला कधी विचारावंच लागलं नव्हतं. … दोन्ही बाजूंना हँडल आहेत रे, धरायचं तर धर. नाहीतर माझी कंबर आहे. … हं. … तिथे. … तिथेच असू दे.